निळा हौद

होळी झाली की आठ-दहा दिवसांत फोन येतो. पलीकडे शेठचा मुलगा. "काका, पूल उघडायचाय. पाडव्याला पाहुणे आहेत."

पूल उघडायचा म्हटलं की वाटतं, कुलूप काढायचं, दार लोटायचं, झालं. तसं नाही. दिवाळीपासून त्या पुलाकडे कुणी ढुंकून बघितलेलं नसतं. पाणी हिरवं झालेलं, तळाशी आंब्याचा पाला कुजलेला, कडेला बेडकांचं बिऱ्हाड. मग उघडायचा म्हणजे काय, तर मोटर लावून ते सगळं पाणी ओढ्यात सोडायचं, टाईल्स घासायच्या आणि हौद नव्याने भरायचा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, खोली सरासरी १ मीटर ४० सेंटिमीटर. ७० हजार लिटर झाले. आमच्याकडे १० हजाराचा टँकर येतो, असे सात टँकर. शहापूर तालुक्यात, मार्च महिन्यात.

हे काम मी अकरा वर्षं करतोय आणि त्याचे पैसे घेतोय, हे आधीच सांगून टाकतो. पुलांविरुद्ध बोलणारी बरीच माणसं कुंपणाबाहेर उभी राहून बोलतात. मी आत उतरून ब्रश मारतो. त्यामुळे मला राग कशाचा यायला पायजे आणि कशाचा नाही, हे त्यांच्यापेक्षा मला जरा जास्त कळतं असं माझं म्हणणं आहे.

मी मूळचा कोपरीचा. ठाणे स्टेशनला पूर्वेला उतरलं की कोपरी. आज तिथे गावठाण शोधावं लागतं, इमारतींच्या पोटात दडलंय. आमच्या लहानपणी घराच्या मागून चालत गेलं की खाजण, पुढे बांध, बांधापलीकडे खाडी. बांधाला उघाडी होती. खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये आणि पावसाचं पाणी ओहोटीला बाहेर जावं, म्हणून लाकडी फळ्यांचं दार असायचं, तिला उघाडी म्हणतात. भरती चढली की त्या उघाडीपाशी आम्ही पोरं उड्या मारायचो. पाठीला डालड्याचा झाळून बंद केलेला डबा बांधलेला. पोहायला शिकवणारा कुणी नाही, शिट्टी नाही, फी नाही. पाणी ओसरायला लागलं की बाहेर यायचं, नाहीतर गुडघाभर चिखलात अडकायचं, एवढा एकच नियम.

बाबा भांडुपकडच्या मिठागरांत जायचे. आगरी हा शब्दच आगरावरून आला असं आमच्यात मानतात. मीठ पिकवणं म्हणजे तरी काय? उथळ हौदांची देखभालच. पावसाळा सरला की वाफ्यातलं गोडं पाणी काढून टाकायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं आणि ते घट्ट होत जाईल तसं एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं. उन्हाने पाणी किती उडतं याचा अंदाज बाबांना नुसतं बोट बुडवून यायचा. म्हणून कुणी मला सांगितलं की हौद सांभाळणं हे फार शास्त्रीय काम आहे, तुम्हा लोकांना ते नाही जमायचं, तर मला हसू येतं. पहिल्या वर्षी शेठने असंच म्हटलं होतं.

खाजणातली शेती गेली तेव्हा बाबांनी इकडे शहापूर तालुक्यात तीन एकर घेतली. मी १९७५ साली दहावीची पहिली बॅच निघाली त्यातला. पुढे शिकलो नाही, शेतीला लागलो. तेव्हापासून माझं अर्धं आयुष्य कोपरीत आणि अर्धं इथे. हा तालुका कसा आहे ते मुंबई-ठाण्याच्या वाचकाला ठाऊक असायला हवं, कारण तो रोज सकाळी त्यानेच तोंड धुतो. तानसा धरण १८९२ सालचं, तेही इथलं. भातसा इथलं. मुंबईला पाणी इथून जातं, ठाण्याच्या नळालाही भातसेचं पाणी येतं. आणि धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांना उन्हाळ्यात सरकारी टँकर येतो. यावर इतकं लिहून झालंय की आता लिहिणाऱ्यालाच कंटाळा येतो. पाणी भरणाऱ्या बाईला मात्र कंटाळायची सोय नाही.

आमच्या पाड्याची एक विहीर आहे. तीही दर वर्षी उघडायचे, त्यासाठी वेगळा शब्द नव्हता, 'बाव उपसायची' म्हणायचे. वैशाखात पाणी तळाला गेलं की सगळे जमायचे. चार तगडे गडी खाली उतरायचे, वर राहाटावर आठ-दहा जण. घमेली भरभरून गाळ वर यायचा आणि गाळाबरोबर वर्षभराचा हिशेब. कुणाची कळशी, कुणाचा चेपलेला तांब्या, पोरांचे चेंडू, एका वर्षी एका सुनेचं चांदीचं पैंजण निघालं. ते पाण्यात पडलं म्हणून तिने सासूचा मार खाल्ला होता; कारण सासूचं म्हणणं, हिने माहेरी दिलं. पैंजण वर आलं तेव्हा सासू काय बोलली नाही. गाळ आम्ही भाताच्या रोपाच्या जागेत टाकायचो, तिथे रोप काळंभोर यायचं. संध्याकाळी झरे मोकळे होऊन पाणी खळखळ ऐकू यायला लागलं की नारळ फोडायचा. खर्च किती? नारळाचा. मजुरी कुणी कुणाला देत नव्हतं.

'सगळे जमायचे' असं मी वर लिहिलं. ते पुसत नाही, पण ते खरं नाही. कातकरीवाडीतले गडी गाळ काढायला खाली उतरायचे आणि त्यांच्या बायका पाण्याला आल्या की हंडा खाली ठेवून लांब उभ्या राहायच्या. आमच्यातली कुणीतरी वरून पाणी ओतायची. ओतणारीचा मूड असेल तेव्हा. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोल्यांनी मुंबईच्या कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा ठराव मंजूर करून घेतला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाड काही लांब नाही, कोकणातच आहे. तरी त्यानंतर पन्नास वर्षांनी आमच्या विहिरीवर हे चाललेलं होतं. आज ते नाही. वाडीतल्या पोरींनीच एक दिवस पोहरा हातात घेतला आणि सोडला आत. म्हाताऱ्या दोन दिवस बडबडल्या, तिसऱ्या दिवशी पाण्याची गरज त्यांनाही होती.

हे इथे कशाला सांगतोय? कारण विहीर सगळ्यांची व्हायला एवढी वर्षं लागली आणि ती सगळ्यांची झाली न झाली तोच तिचं पाणी खालून निघून चाललंय. आता कुणाला लांब उभं करावं लागत नाही. एक लोखंडी गेट लागतं, एक वॉचमन लागतो आणि २८० फुटांची बोअर लागते.

शेठच्या बोअरपासून आमची विहीर मी पावलांनी मोजली. चारशे पावलं भरली नाहीत. १९९३ साली महाराष्ट्रात कायदा झाला की सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, बोअर घ्यायची नाही. पुढे २००९ चा भूजल कायदा आला. मी कचेरीत विचारून आलो. या टेबलावरून त्या टेबलावर फिरलो, शेवटी एकाने विचारलं, "तुम्ही कोण त्यांचे?" मी म्हटलं, नोकर. मग त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चहा न घेता निघालो.

आमच्याकडे खाली काळा कातळ आहे. कातळाच्या पोटात तळं नसतं हो. फटी असतात, फटीत पाणी असतं, आणि फट काही तुमच्या कुंपणापाशी येऊन थांबत नाही. "माझ्या जमिनीतलं पाणी मी काढतो, कुणाचं काय जातं?" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय, फक्त शेठकडून नाही, आमच्या आगरी-कुणब्यांकडूनही. जमिनीचा सातबारा असतो. पाण्याचा सातबारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो ते मला दाखवा. सातबाऱ्यावरून आठवलं, शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही असाही एक कायदा आहे. त्यामुळे ज्यांच्या नखाला कधी चिखल लागला नाही अशी बरीच मंडळी कागदावर माझी भाऊबंद आहेत.

बोअरचं पाणी असूनही टँकर कशाला, तर आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड आहे. भरताना स्वच्छ दिसतं. क्लोरीन टाकलं की दोन तासांत चहासारखं होतं. पहिल्या वर्षी पाडव्याच्या दिवशी शेठच्या नातीने त्या पाण्याकडे बोट दाखवून "आजोबा, चाय!" म्हटलं, तेव्हापासून बोअर बागेला आणि टँकर पुलाला. आणि टँकर कुणाचा? हे लिहिताना हात जड होतो. टँकर आपल्याच पोरांचा. नदीकाठी ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो ते विकतो, ज्याच्याकडे कर्ज काढून गाडी आहे तो ते वाहतो. शेठला एकट्याला शिव्या देऊन भागणार नाही.

२०१६ चा एप्रिल आठवतो. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एका वाघिणीत साधारण ५० हजार लिटर. टीव्हीवर लातूरची माणसं त्या गाडीचं स्वागत करताना दाखवत होते. मी ते शेठच्या व्हरांड्यात उभा राहून बघितलं, कारण त्याच आठवड्यात पूल भरणं चालू होतं. माझ्या डोक्यात आकडेमोड आपोआप झाली. आमचा पूल म्हणजे जवळजवळ दीड वाघीण. त्याच महिन्यात हायकोर्टाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं, मैदानाला पाणी मारतात म्हणून. शेठ फार चिडले होते. "क्रिकेटने काय घोडं मारलंय?" मी गप्प. सहावा टँकर रिकामा होत होता.

आता यावर हुशार माणूस मला अडवणार, आणि अडवावंच. तो म्हणेल, काका, तुम्ही उन्हाळ्यात भेंडी लावता ना? एक एकर भेंडीला ठिबकने सुद्धा रोजचं किती पाणी जातं? सांगतो. कडक उन्हात १५ ते २० हजार लिटर. म्हणजे शेठच्या पुलाचं अख्ख्या वर्षाचं पाणी माझी भेंडी चार दिवसांत पिते. हा हिशेब मी स्वतः केला आणि दोन रात्री मला झोप नीट लागली नाही. मग बोलायचं तोंड मला आहे का?

आहे, पण पूर्ण नाही. भेंडी कल्याणच्या मार्केटला जाते, कुणाच्या तरी ताटात जाते, तिच्यावर माझं घर चालतं आणि तोडणीला वाडीतल्या सहा बायकांना काम मिळतं. पोहण्याच्या हौदाची आणि भाजीची तुलना होत नाही. पण तहानेची आणि भाजीची होते. विहिरीने तळ दाखवला की मी मोटर बंद करायला पायजे. बरीच वर्षं करतो. एका वर्षी नाही केली. भाव चांगला लागला होता, म्हटलं अजून आठ दिवस, अजून आठ दिवस. त्या आठ दिवसांत बायका रात्री दोनला उठून विहिरीवर बसत होत्या, झऱ्याचं पाणी वाटीने भरत होत्या. माझी बायको तेव्हा म्हणाली, "त्या शेठला बोलताव, आनि तुमची मोटर काय देवाची हाय?" माझ्या घरात पुलावरची सगळ्यात कडक टीका ही झालेली आहे, आणि ती माझ्यावर झालेली आहे.

तर माझं भांडण पूल असण्याशी नाही. कुणाला पोहायची हौस असेल, नातवंडं पाण्यात खिदळताना बघायची असतील, बघावीत. पाण्यात खेळणारं पोर बघून ज्याला राग येतो त्याचं काहीतरी बिघडलंय. माझं भांडण त्या 'उघडण्या'शी आहे. चांगलं भरलेलं पाणी आळसापोटी नासवायचं, ऐन टंचाईत ते ओढ्यात ओतायचं आणि मग टंचाईतलंच पाणी विकत घेऊन भरायचं, याची गरजच नाही. पूल दर वर्षी रिकामा करावा लागतो असं कुठल्याही शास्त्रात नाही. ती फक्त सवय आहे, आणि सवयीचं बिल दुसऱ्याच्या हंड्यावर फाटतं.

आमच्याकडे पाऊस पडतो अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे अडीच मीटर. पुलाची खोली एक मीटर चाळीस. तुम्ही काही न करता नुसता तो हौद उघडा ठेवलात तर आभाळ तो पावणेदोन वेळा भरून देतं, फुकट! ज्याला आभाळ पावणेदोनदा भरून देतं त्याला टँकर लागतो, याला काय म्हणायचं? उलट पावसाळ्यात हौद रिकामा ठेवणं धोक्याचं. बाहेरच्या जमिनीत पाणी चढतं, आत वजन नसतं, मग खालून दाब येऊन तळाला तडे जातात. एका बंगल्याचा पूल असा फुगून वर आलेला मी बघितलाय, टाईल्स पापडासारख्या उठल्या होत्या.

मग राहतो तो प्रश्न दिवाळी ते होळीचा. उघडा ठेवलात तर तेवढ्या दिवसांत गुडघाभर पाणी उडून जातं. वर जाड ताडपत्री ताणून घातली तर वीतभर. शिवाय ऊन आत गेलं नाही की शेवाळ धरत नाही, पाला पडत नाही, डास अंडी घालत नाहीत. ताडपत्री एकदाच घ्यायची, चार-पाच वर्षं जाते. आठवड्यातून दोनदा तासभर फिल्टर चालवायचा. हे मी शेठला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "काका, सीझन नसताना लाईट बिल कशाला?" सात टँकरची पावती त्यांच्या खिशात होती तेव्हा.

आणि समजा पाणी हिरवं झालंच. तरी ते मेलेलं नसतं. आठ दिवसांत निळं होतं, मी करून दाखवलंय. पहिल्या दिवशी जाळीने पाला काढायचा, भिंती ब्रशने खालीपर्यंत घासायच्या. तारेचा ब्रश नाही, नायलॉनचा. मग पाण्याचा पीएच बघायचा, थेंब टाकून रंग जुळवायची छोटी पेटी मिळते. साडेसातच्या आसपास यायला पायजे, पाणी त्याच्या फार वर असेल तर क्लोरीन कितीही ओता, ते नुसतं बसून राहतं. क्लोरीन टाकायचं ते सूर्य मावळल्यावर. दुपारी टाकलं तर अर्धं ऊनच खातं. रात्रभर फिल्टर. आमच्याकडे लाईट रात्रीची जाते, म्हणून मी तिथेच खाटेवर झोपतो आणि आली की उठून बटण दाबतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हिरव्याचं पांढुरकं होतं, ताकासारखं. तेव्हा लोक घाबरतात आणि म्हणतात, बिघडलं, सोडून द्या. सोडायचं नाही. तुरटी विरघळवून फिरवायची, मोटर बंद करायची, रात्रभर पाणी हलवायचं नाही. सकाळी सगळी घाण तळाला बसलेली असते, ती तेवढीच पाईप फिरवून ओढून काढायची. जे पाणी फुकट जातं ते हौदाच्या दहाव्या हिश्शाहून कमी. फिल्टर उलटा धुतलेलं पाणीही मी ओढ्यात सोडत नाही, दोन दिवस टाकीत उघडं ठेवतो, क्लोरीन उडून गेलं की आंब्यांना.

एक सांगायचं राहिलं. ॲसिड आणि क्लोरीन एका बादलीत कधी मिसळू नका. एका पोराला मी त्या वासाने जमिनीवर कोसळताना बघितलंय. बंगल्याबंगल्यांत आमची बारावी नापास पोरं हे काम करतात, त्यांना कुणी शिकवत नाही, हातमोजे देत नाही. पगार महिन्याचा असतो आणि सीझन संपला की फोन लागत नाही.

आणि हेच क्लोरीन, पावडरच्या रूपात, ग्रामपंचायतीकडून आमच्या विहिरीत टाकतात. टीसीएल पावडर म्हणतात. जलसुरक्षक म्हणून एक माणूस असतो, त्याने टाकायची. कधी पावडर असते, कधी नसते. पुलाच्या खोलीत मात्र ५० किलोचा ड्रम कायम भरलेला. मागच्या पावसाळ्यात पाड्यावर जुलाब सुरू झाले तेव्हा त्या खोलीतून मी पुडीत बांधून काय नेलं आणि कुठे टाकलं, ते इथे लिहीत नाही. शेठही हे पुस्तक वाचतील.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलची सुरुवात, उन्हं डोक्यावर. पाचवा टँकर येत होता, ड्रायव्हर नवा होता, त्याला रस्ता दाखवायला मी हायवेपासून केबिनमध्ये बसून आलो. बंगल्याचा कच्चा रस्ता वाडीवरून जातो. सरकारी टँकर चार दिवस आलेला नव्हता. टँकरचा आवाज ऐकला आणि वाडीतून बायका, पोरं, म्हातारी, हंडे कळश्या घेऊन धावत सुटली. रस्त्याच्या कडेला रांग लागली सुद्धा. कुणी डोक्यावरचा पदर सावरतंय, कुणी पोराला पुढे ढकलतंय. ड्रायव्हरने हॉर्न दिला. "प्रायव्हेट हाय, प्रायव्हेट!" रांगेतल्या पुढच्या बाईला ते कळलं नाही. ती माझ्या भाताच्या लावणीला वीस वर्षं येते. तिने वर बघितलं. आमच्याकडे आदिवासी माणसं सगळ्यांना तू म्हणतात, त्यात अपमान नसतो.

"दादा, तू हायस का आत? मंग थांबव की."

मी थांबवलं नाही. दुसऱ्या खिडकीकडे बघितलं. त्या खिडकीतून काय दिसत होतं तेही आठवतं, करवंदाची जाळी होती आणि तिच्यावर कुणाचा तरी परकर वाळत होता. दहा हंडे भरून दिले असते तर दीडशे लिटर गेले असते. हौदात ते बोटाच्या जाडीएवढे पण दिसले नसते. मला ड्रायव्हरची भीती नव्हती, शेठची पण नव्हती खरं तर. मी भाड्याचा माणूस होतो आणि भाड्याच्या माणसाला जे वाटतं ते मला वाटलं, की हे पाणी माझं नाही. बाई लावणीला त्या वर्षीही आली. त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या वर्षीचा सीझन संपल्यावर मी शेठला सांगितलं, इथून पुढे पूल रिकामा होणार नाही. होणार असेल तर दुसरा माणूस बघा. त्यांना वाटलं पगार वाढवून पायजे. वाढवला सुद्धा! मी ताडपत्री मागितली. ती यायला सहा महिने लागले, तोवर पाणी हिरवं झालं होतंच. पुढच्या होळीला आठ दिवस राबून ते निळं केलं. सुनबाईंनी नाक मुरडलं, "मागच्या वर्षीचं पाणी? शी." मी म्हटलं, ताई, तुम्ही मुंबईत बेसिनला जे पाणी वापरता ते तानशाच्या तलावात मागच्या पावसाळ्यापासूनच साठलेलं असतं. त्या दिवशी त्या पाण्यात उतरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलं उतरली, मग त्याही.

त्या वर्षी एकही टँकर आला नाही. पण गेल्या वर्षी मे महिन्यात मी कोपरीला पुतण्याच्या हळदीला गेलो होतो, तेवढ्यात इथे कसली तरी पार्टी झाली, पाण्यात काहीतरी सांडलं, आणि वॉचमनकडून व्हॉल्व्ह उघडून घेऊन ७० हजार लिटर पाणी एका रात्रीत ओढ्याला लावलं. मी परत आलो तेव्हा सात टँकर येऊन गेलेले. निळंशार पाणी, हलणाऱ्या टाईल्स, टॉवेल वाळत घातलेले. वाडीच्या रस्त्यावर टँकरच्या चाकांच्या खुणा होत्या आणि जिथे जिथे पाणी हिंदकळून सांडलं होतं तिथे माती अजून ओली होती, चिमण्या बसल्या होत्या.

यंदा फोन आला तेव्हा मी कोपरीतच होतो. "काका, पूल उघडायचाय."

"उघडाच आहे," मी म्हटलं. "ताडपत्री काढायची तेवढी. पाणी दिवाळीतलं आहे, वीतभर कमी झालंय."

"पप्पा म्हणतायत, यंदा एकदा रिकामा करून घेऊ. नवीन टाईल्सचा बघतायत."

"खालचा व्हॉल्व्ह फिरत नाही."

"का?"

"त्याचं चाक नाही जागेवर."

थोडा वेळ तिकडून आवाज नाही. मग म्हणाला, "नवीन मिळतं ना बाजारात?"

मिळतं. शहापूरला मिळतं, भिवंडीला मिळतं, अर्ध्या तासाचं काम आहे. ते मला माहीत आहे आणि त्यालाही कधीतरी कळेल. जुनं चाक माझ्या कोपरीच्या घरात माळ्यावर आहे, बाबांच्या मिठागरातल्या फावड्याच्या शेजारी. मी म्हटलं, "बघतो, चौकशी करतो," आणि फोन ठेवला. पाडव्याला अजून बारा दिवस आहेत. पाणी निळं करायला मला आठ लागतात.